आधी जमिनीवरून उठायला शिका

दीड वर्षात माझं वजन 91 किलोवरून 68 वर आलं. जिने चढताना धाप लागेनाशी झाली, जुने ड्रेस दोनदा शिंप्याकडे जाऊन आले, आणि नाशिकच्या इंदिरानगरमधल्या जॉगिंग ट्रॅकवर ओळखीच्या बायका थांबवून विचारू लागल्या, "काय खातेस गं हल्ली?" अशा भरात एका सकाळी मोरीत वाकून अर्धी बादली उचलली आणि कंबरेत अशी चमक भरली की नवऱ्याने आणि मुलाने दोन्हीकडून धरून पलंगावर आणलं.

"वजन कमी करा, पाठ आपोआप बरी होईल," असं सात-आठ वर्षं सगळे सांगत होते. वजन कमी झालं. पाठीला ते कुणी कळवलं नव्हतं.

पुढे फिजिओकडे (फिजिओथेरपिस्टकडे) आणि मग योगाच्या वर्गात जे शिकले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. वजन उतरवून झालंय पण कंबर कुरकुरते, जिम नको वाटते, आणि योगासनं म्हटली की टीव्हीवरची पायाची घडी डोक्यामागे घेणारी माणसं आठवतात, अशांसाठी हे आहे. आधीच सूर्यनमस्कार घालत असाल तर यातलं बरंचसं तुम्हाला बाळबोध वाटेल.

वजन गेलं, त्याबरोबर काय काय गेलं

वजन उतरतं तेव्हा नुसती चरबी जात नाही, थोडे स्नायूही जातात. नुसतं खाणं कमी करून, ताकदीचा व्यायाम न करता वजन उतरवलं असेल तर जास्तच. मी चालत होते, रोज 5 किलोमीटर; पण चालण्याने पाठीच्या, नितंबांच्या आणि पोटाच्या खोल स्नायूंना पुरेसं काम मिळत नाही. मणक्यांना धरून ठेवतात ते हेच. भार हलका झाला आणि भार धरणारा पट्टाही सैल झाला, अशी माझी अवस्था होती.

दुसरी गोष्ट तोलाची. वर्षानुवर्षं पुढे पोट घेऊन चाललेलं माणूस नकळत मागे रेललेलं असतं. पोट गेलं तरी ती सवय राहते. माझ्या योगाच्या मॅडमनी पहिल्या दिवशी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि भिंत आणि कंबर यांच्यामध्ये हात घातला, तर मूठ आरपार गेली. "काकू, तुम्ही अजून जुन्या वजनाच्या उभ्या आहात," त्या म्हणाल्या.

तिसरी गोष्ट कुणीच सांगत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. वजन उतरवायला जी जिद्द लागते, तीच सतरंजीवर आडवी येते. आकडे लिहिणं, काल 5 तर आज 6, दुखलं तरी थांबायचं नाही, शेजारणीपेक्षा आपलं जास्त. काट्यावर हे सगळं चालतं. मणक्याशी हा हिशेब केला की तो आठवडाभर झोपवून ठेवतो. मी दोनदा झोपले, म्हणून सांगते.

डॉक्टरांना काय विचारायचं

"योगा करू का?" असं विचारलंत तर "करा, हळूहळू करा," एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा नेमकं विचारा: मी पुढे वाकलेलं चालेल का? मागे वाकलेलं चालेल का? कंबरेतून पीळ दिलेला चालेल का? किती वजन उचलू?

याचं कारण असं की "कंबरदुखी" हे एकच नाव असलं तरी आतली भानगड वेगवेगळी असते. मणक्याची गादी सरकलेली असेल (बहुतेक वेळा कंबरेच्या खालच्या दोन गाद्या, रिपोर्टात एल-4 एल-5 किंवा एल-5 एस-1 लिहिलेल्या) तर पुढे वाकण्याने त्रास वाढण्याची शक्यता जास्त. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली असेल, जे उतारवयात होतं, तर उलट. मागे वाकलं की पाय भरून येतात आणि पुढे झुकलं की बरं वाटतं. एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरला असेल तर मागे वाकणं जपूनच. हाडं ठिसूळ झाली असतील तर बसून पुढे वाकणं आणि जोराचा पीळ या दोन्ही गोष्टी बंद. म्हणजे शेजारच्या काकांची कंबर ज्या आसनाने सुटली, तेच आसन तुमची धरू शकतं. मोबाईलवर आलेला "कंबरदुखीवर रामबाण आसन" हा व्हिडिओ म्हणूनच पुढे पाठवत जाऊ नका.

एमआरआयच्या भाषेला मात्र घाबरू नका. "गादी फुगली आहे", "मणक्यात गॅप आहे" हे ऐकून मी रात्रभर जागले होते. काहीही दुखत नसलेल्या पुष्कळ माणसांचा एमआरआय काढला तरी त्यात फुगलेल्या गाद्या दिसतात. रिपोर्ट आणि दुखणं यांचा मेळ डॉक्टरांनी घालायचा असतो, आपण नाही.

काही खुणा मात्र अशा आहेत की सतरंजी बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना आणि चप्पल फरफटू लागली, कंबरदुखीबरोबर ताप आहे, किंवा प्रयत्न न करताच वजन उतरत चाललं आहे. शेवटच्या खुणेकडे आपल्यासारख्यांचं दुर्लक्ष होतं, कारण वजन उतरलं की आपल्याला आनंदच होतो. डाएट सोडूनही काटा खालीच जात असेल तर तपासून घ्या.

गोळ्यांचंही बोला. ब्लडप्रेशरच्या आणि साखरेच्या गोळ्या जुन्या वजनावर ठरलेल्या असतील तर आता त्या जास्त होत असतील. आडवं होऊन झटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर ते नक्की सांगा. आसनांत हे आडवं-उभं सारखंच चालतं. वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जननी हो म्हटल्याशिवाय पोटावर ताण येणारं काहीही करायचं नाही. बाहेरून टाके भरलेले दिसतात, आतलं आपल्याला दिसत नाही.

एवढी सावधगिरी वाचून कुणाला वाटेल, मग झोपूनच राहावं. तेही चुकीचं. चमक भरल्यावर मी पाच दिवस पलंगावर काढले, आणि त्यानेच अंग जास्त आखडलं, असं फिजिओचं मत पडलं. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 मध्ये जुनाट कंबरदुखीबद्दल ज्या सूचना काढल्या, त्यांत गोळ्यांच्या आधी व्यायाम आणि योग यांसारखे उपाय करून बघा, असंच म्हटलं आहे.

घरात काय लागेल

एक मॅट. 6 मिलिमीटर जाडीची पुरते. मी हौसेने जाड, गुबगुबीत फोमची आणली. तिच्यावर झोपायला छान वाटतं, पण एका पायावर उभं राहिलं की गादीवर उभं राहिल्यासारखं डुलायला होतं. पावसाळ्यात फरशीला ओल धरते, तेव्हा मॅटच्या खाली सतरंजी घालू नका, सतरंजीसकट घसरायला होतं.

बाकी सगळं घरात असतं. दोन चादरी, एक लोड किंवा घट्ट उशी, एक जुनी ओढणी, आणि हात नसलेली, चाकं नसलेली खुर्ची. ओढणी आणि खुर्ची घेणं म्हणजे लबाडी नव्हे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या घेऊन आसनं शिकवायची पद्धत जगभर नेली. आपण ओढणीवर भागवू.

वजन उतरलेल्यांना एक नवीनच त्रास होतो: हाडं टोचतात. पूर्वी मांस होतं तिथे आता माकडहाड थेट जमिनीला लागतं. चादरीची चौपदरी घडी बसायच्या जागी घ्या. सैल पडलेली कातडी पोटाशी दुमडून घामाने काचते, त्यासाठी आत सुती, अंगाबरोबर बसणारा बनियन घालावा. याची लाज वाटून मी दोन महिने वर्गाला जायचं टाळलं होतं. वर्गात गेल्यावर कळलं, प्रत्येक जण स्वतःचा तोल सांभाळण्यात इतका गुंतलेला असतो की दुसऱ्याच्या पोटाकडे बघायला कुणाला सवड नसते.

वर्ग निवडताना

नाशिक याबाबतीत नशीबवान आहे. योग विद्या धाम ही संस्था इथलीच. तिचे संस्थापक विश्वास मंडलिक यांना 2018 मध्ये पंतप्रधान योग पुरस्कार मिळाला. त्यामुळे योग शिकलेले, शिकवायचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले शिक्षक या शहरात कॉलन्याकॉलन्यांत सापडतात. गंगापूर रोडला आहेत, सिडकोत आहेत, नाशिकरोडला आहेत. शिवाय सकाळी उद्यानांतून फुकट वर्ग चालतात.

उद्यानातल्या वर्गांबद्दल माझं मत जरा कडू आहे. माणसं प्रेमळ असतात, हसण्याचा व्यायाम होतो, चहा होतो. पण तीस-चाळीस जणांत तुमची कंबर कुणाच्या लक्षात राहणार? तिथे सगळे एकाच तालावर चालतात आणि तुम्हाला अर्ध्यात थांबायला संकोच वाटतो. पहिले तीन महिने छोटा वर्ग गाठा, आठ-दहा जणांचा, नाहीतर चार-पाच वेळा एकट्याने शिकून घ्या. नंतर उद्यानात खुशाल जा.

शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा: कंबरेचा त्रास आहे, वजन इतकं उतरलंय, डॉक्टरांनी हे हे नको म्हटलंय. त्यावर ते काय विचारतात हे बघा. "दुखणं पायात उतरतं का?" असा प्रश्न आला तर बसा तिथे. "काही होत नाही, सगळं बरं होईल," असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

हे मी ठेच लागून शिकले. माझ्या पहिल्या वर्गात पाय पसरून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन चालू होतं. माझे हात जेमतेम नडगीपर्यंत पोचत होते. सर मागून आले आणि "सोडा, सोडा अंग" म्हणत दोन्ही तळव्यांनी पाठ दाबली. त्या रात्री डाव्या पायात पोटरीपर्यंत मुंग्या आल्या. चूक त्यांची होतीच. पण दाबताना मी "थांबा" म्हटलं नाही, कारण शेजारच्या बाईंचं कपाळ गुडघ्याला टेकलं होतं. शिक्षकांनी तुम्हाला हात लावून दाबायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. चांगले शिक्षक रागावत नाहीत.

पहिला धडा: आडवं होणं आणि उठणं

माझ्या दुसऱ्या वर्गातल्या मॅडमनी पहिला अख्खा तास यावर घालवला. मला वाटलं, पैसे वाया गेले. आज विचाराल तर सगळ्यांत जास्त उपयोग याचाच झाला.

उताणं झोपलेलं माणूस सवयीने काय करतं? पोटाला हिसका देऊन सरळ उठून बसतं. कंबरेच्या गाद्यांवर नको तो ताण येतो तो तिथे. त्याऐवजी दोन्ही गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकदमच, लाकडाचा ओंडका लोटावा तसे, कुशीवर वळा. खालचा हात उशीसारखा डोक्याखाली, वरचा तळवा छातीसमोर जमिनीवर. आता त्या तळव्याने जमीन ढकला आणि कुशीवरूनच बसते व्हा. मान सगळ्यांत शेवटी वर. मग दोन्ही हात-पाय टेकून चार पायांवर या, एक पाऊल पुढे टाका, खुर्चीवर हात ठेवा आणि त्या पायावर जोर देऊन उभे राहा.

आडवं होताना हेच उलट्या क्रमाने. दिवसातून पाच वेळा करा, पलंगावरून उठतानाही असंच उठा. आठवडाभर फक्त एवढंच केलंत तरी चालेल. जमिनीवर बसायची भीती गेली की निम्मं काम झालं; पन्नाशीजवळच्या कितीतरी जणी जमिनीवर बसतच नाहीत, ते "उठायचं कसं" म्हणून.

पहिले दोन-तीन आठवडे: पाठीवर

खुर्ची समोर घ्या. उताणं झोपून दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, मांड्या उभ्या. एक हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ द्या, सोडताना खाली जाऊ द्या, घाई नाही. पाच मिनिटं. कंबर खूप धरली असेल त्या दिवशी एवढंच करून उठायचं. मला पहिल्यांदा त्या अवस्थेत झोप लागली होती.

मग एका पायाचं पवनमुक्तासन. दुसरा पाय गुडघ्यात दुमडून तळवा जमिनीवर. एक गुडघा छातीकडे आणा आणि हात मांडीच्या मागे धरा, गुडघ्यावर नको. डोकं जमिनीवरच. पाच श्वास, मग दुसरा पाय. पुस्तकात डोकं उचलून नाक गुडघ्याला लावलेलं दिसेल, ते सध्या विसरा. छातीकडे आणताना पायात चमक उतरली तर हे आसन तुमचं नाही.

यानंतरचं सेतुबंधासन मात्र मनापासून करा, कारण गेलेले स्नायू परत आणायचं काम ते करतं. गुडघे दुमडलेले, पावलं कंबरेएवढ्या अंतरावर, टाचा बुडापासून साधारण वीतभर. आधी नितंब आवळा, मग टाचांवर जोर देऊन कंबर उचला. किती? कंबरेला कमान पडायच्या आत थांबायचं. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत उतरती सरळ रेघ हवी, देवळाची कमान नको. ताण मांडीच्या मागे आणि नितंबांत जाणवला तर बरोबर. कंबरेत जाणवला तर खाली या, थोडं कमी उचला. तीन श्वास थांबा, एकेक मणका टेकवत खाली. पाच वेळा. मी पहिल्या आठवड्यात चार बोटं उचलत होते.

शेवटी शवासन, गुडघ्यांखाली लोड घेऊन. लोड नसेल तर पाय सरळ पसरल्यावर कंबर अधांतरी राहते आणि दुखते.

हे सगळं मिळून 15 ते 20 मिनिटं. रोज 15 मिनिटं ही आठवड्यातून एकदा केलेल्या दीड तासापेक्षा कितीतरी बरी.

मग पालथं आणि चार पायांवर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मार्जरासन घ्या. तळवे खांद्यांच्या खाली, गुडघे कंबरेच्या खाली, गुडघ्यांखाली चादर. श्वास सोडताना मांजर अंग ताणते तशी पाठ वर गोल करा, घेताना हळूच खाली सोडा. हालचाल लहान ठेवा, दोन-दोन इंच. ही ताणायची जागा नाही, मणक्यांना वंगण घालायची आहे. आठ-दहा वेळा.

त्याच अवस्थेत, पाठ टेबलासारखी सपाट ठेवून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा. पाय कंबरेपेक्षा वर नको. फिजिओ याला बर्ड-डॉग म्हणतात आणि वर्गांत व्याघ्रासनाच्या जवळपासचं काहीतरी म्हणून शिकवतात. नाव काहीही असो, पाठीवर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलंय आणि ते सांडायचं नाही, अशा बेताने करा. तीन श्वास, मग बाजू बदला. मला हे धड जमायला दीड महिना लागला, सारखी डावीकडे कलंडत होते.

पालथं झोपून, हातांच्या घडीवर डोकं टेकवून, म्हणजे मकरासनात, दोन मिनिटं विसावा. डॉक्टरांनी मागे वाकायला हो म्हटलं असेल तर कोपरं खांद्यांखाली टेकवून छाती उचला, बेंबी जमिनीवरच. हे अर्धं भुजंगासन पुष्कळ दिवस पुरतं. हात सरळ करून पूर्ण फणा काढायची घाई नको. त्यानंतर एका पायाचं शलभासन: कपाळ हातांवर, एक पाय सरळ ठेवून जमिनीपासून वीतभर उचला. बस्स.

उभ्याची आसनं

दीड-दोन महिन्यांनी. भिंतीला पाठ लावून ताडासन, म्हणजे नव्या वजनाचं उभं राहणं शिकणं. वृक्षासन, म्हणजे एका पायावर उभं राहणं, भिंतीला एक हात लावून. उचललेल्या पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्याशी किंवा पोटरीला टेकवा, गुडघ्याच्या सांध्यावर कधीच नको. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. याला आसन म्हणा न म्हणा, मांड्या भरतात त्या याने.

सध्या नको ते

हलासन, शीर्षासन, धनुरासन, चक्रासन, पश्चिमोत्तानासन, उभ्याने पायाचे अंगठे धरणं: हे पहिल्या तीन-चार महिन्यांत नाही, आणि काहींच्या बाबतीत कधीच नाही. जोरजोरात कपालभाती कंबर धरलेली असताना नको. ब्लडप्रेशर जास्त असेल, हर्निया असेल किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. अनुलोम-विलोम, भ्रामरी करा, खुर्चीवर बसूनही चालतं.

सूर्यनमस्काराचं सांगायला जीवावर येतं, कारण आपल्याकडे तो व्यायामाहून जास्त काहीतरी आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा प्रसार केला, आणि मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी तो मैदानात अंक मोजत घातलेला असतो. त्यामुळे "मला येतो" असं वाटतं. पण एका नमस्कारात दोनदा पूर्ण पुढे वाकायचं, शिवाय मागे वाकायचं, आणि तेही वेगाने. बारा घातले तर चोवीस वेळा पुढे वाकणं झालं. थांबा जरा.

दुखणं ओळखायचं कसं

स्नायूच्या मध्यावर, मांडीच्या मागे किंवा नितंबात, पसरट ताण किंवा भाजल्यासारखं वाटलं तर ते चालतं. टोचणारं, विजेसारखं, किंवा कंबरेतून निघून गुडघ्याखाली उतरणारं दुखणं चालत नाही, तिथेच सोडायचं. एक खूण फिजिओने सांगितली, ती फार कामाची आहे: पायातलं दुखणं वर सरकत कंबरेकडे गोळा होत असेल तर सुधारणा आहे, मग कंबर जरा जास्त दुखली तरी. कंबरेतलं दुखणं खाली पायात पसरत असेल तर आपण काहीतरी चुकीचं करतोय.

दुसरी खूण दुसऱ्या दिवशीची. आज केलेल्या आसनाने उद्या याच वेळेपर्यंत दुखणं वाढलेलं राहिलं तर उद्या ते निम्मं करा. तसंच राहिलं किंवा कमी झालं तर तेवढंच ठेवा. वाढवायचं ते आठवड्याने, आणि एका वेळी एकच. जिद्दी माणसाला हे फार जड जातं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक शब्द लिहायचे: "तसंच", "बरं", "वाईट". आकडे मुद्दाम टाळले.

वजनकाटाही यातून बाहेर ठेवा. हलक्या योगासनांनी फारसं वजन उतरत नाही, आणि स्नायू भरू लागले तर काटा किलोभर वरही जाईल. मला ते बघून रडू आलं होतं, मग नवऱ्याने काटा माळ्यावर टाकला. खाण्यात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडी वाढवा; डाएटच्या भीतीने उपाशी राहून स्नायू भरत नाहीत.

वेळ, थंडी आणि मिसळ

"योग पहाटेच" हा आग्रह पाठदुखीवाल्यांनी सोडलेला बरा. रात्रभर आडवं असताना मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्याउठल्या पाठ ताठ असते आणि पुढे वाकणं तेव्हाच जास्त बाधतं. उठल्यावर निदान अर्धा-पाऊण तास घरात वावरा. मोरीतल्या माझ्या बादलीची वेळ सकाळी सहाची होती, हे मला फार नंतर उमगलं. डिसेंबर-जानेवारीत जवळच्या निफाडचा पारा एक आकडी उतरतो तेव्हा नाशिकातही हुडहुडी भरते. त्या दिवसांत संध्याकाळी सहा-सात ही वेळ चांगली, अंग दिवसभराच्या कामाने मोकळं झालेलं असतं.

भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. रविवारी सकाळी मिसळ खाऊन आलात तर त्या दिवशी शवासन करा, ते आपोआप होतंच.

उरलेला दिवस

वीस मिनिटं सांभाळलेली कंबर उरलेल्या दिवसात बिघडवायला वेळ लागत नाही. सातपूर-अंबडला दुचाकीवर जाणाऱ्यांनी खड्डा दिसला की सीटवर वजन टाकून बसू नये, वेग कमी करून पायांवर थोडं उचलून घ्यावं. भाजीच्या पिशव्या दोन हातांत वाटून घ्या. ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या पाटावर ठेवा, थोड्या वेळाने बदला. बादली, कुकर, कुंडी काहीही उचलताना ती अंगाजवळ घ्या आणि गुडघ्यांतून वाका. सेतुबंधासनात नितंब आवळायला शिकलात ना, तेच इथे वापरायचं. बैठ्या नोकरीत अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन या. गॅसचं सिलिंडर घरातल्या दुसऱ्या कुणाला सरकवू द्या, त्यात कमीपणा नाही.

खाडे होतील. लग्नसराई, दिवाळी, परीक्षा, पाहुणे. आठवडाभर सुटलं तर परत सुरू करताना एक पायरी खाली उतरून सुरू करा. म्हणजे उभ्याच्या आसनांवर होतात, तर चार दिवस पाठीवरची. सुटलेलं भरून काढायला एकाच दिवशी तासभर करायचं नाही. माझी दुसऱ्यांदा कंबर धरली ती गणपतीनंतर असंच भरून काढताना.

मी आठव्या महिन्यात मॅडमना विचारून पहिला सूर्यनमस्कार घातला. गुडघे वाकवून, हातांखाली दोन विटा घेऊन, प्रत्येक अवस्थेत दोन श्वास थांबत. मॅडम म्हणाल्या, "जमला की काकू, अजून एक?" मी नको म्हटलं, कुशीवर वळून उठले आणि मॅट गुंडाळली.